शरणप्पाची क्लिअर लाईन

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या कारखान्याच्या भिंतीला लागून शरणप्पाचा टॉवेलचा कारखाना. मधे भिंत आहे म्हणायची. त्याचं फोनवरचं सगळं बोलणं मला माझ्या खुर्चीत बसून पाठ. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, तो फोनवर बोलत नाही, हाका मारतो. मीही मागवालाच आहे, पण माझ्या घशाला काही मर्यादा आहेत.

त्याची मुलगी चंद्रिका ऑफिस बघायला लागली आणि लगेच वैतागली. अप्पा मागांमध्ये, फोन खिशात, रिंग ऐकणार कोण? गिऱ्हाईक वाट बघून दुसरीकडे जायचं. तिनं ठरवलं, इंटरनेटवरचा फोन घ्यायचा. नंबर एकच, पण ऑफिस, गोदाम, घर, सगळीकडे एकदम वाजणार. शरणप्पा तयार झाला तो एका माणसासाठी. कलबुर्गीचे कापड दुकानदार अण्णाराव. लग्नसराईतल्या आहेराचे टॉवेल ते वर्षानुवर्षं याच्याकडूनच उचलायचे. निम्मे माग त्यांच्या ऑर्डरवर चालायचे. गंमत म्हणजे दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं; सगळा व्यवहार फोनवर.

मग कंपन्यांचे एजंट यायला लागले. परीक्षा शरणप्पानं स्वतः ठरवली होती. एजंटला चालू मागांच्या मधे उभं करायचं आणि ऑफिसातून त्याला फोन लावायचा. टाय लावलेले दोघं कानात बोटं घालून बाहेर आले, पाणी प्यायले आणि गेले ते गेलेच. इंटरनेटच्या लाईनचं म्हणाल तर शरणप्पाला सगळ्यात जास्त स्पीड हवा.

"माग कसा घेतो आपण? पळणारा घेतो की!"

"अप्पा, बोलायला स्पीड थोडंच लागतंय," चंद्रिका म्हणाली. "लाईन तुटायला नको, तेवढं बघा."

पोरीचं बरोबर होतं. फायबरची लाईन घेतली, आणि रस्ता खोदणाऱ्यांनी ती तोडलीच तर म्हणून सिमवरची दुसरी जोडून ठेवली. तिसऱ्या एजंटचा फोन पास झाला. त्यात आजूबाजूचा गोंगाट गाळून फक्त माणसाचा आवाज पुढं पाठवायची सोय होती. शरणप्पा हरखून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिथं चहाला बसलो होतो, तेव्हा अण्णारावांचा फोन आला. शरणप्पानं तो मुद्दाम मागांजवळ जाऊन घेतला, स्पीकरवर टाकून. मीही मागोमाग जाऊन कान लावला.

"एनातप्पा शरणप्पा? काय झालं? माग बंद हायत व्हय?"

"चालू हायत की शेठ, सगळे!"

"मग ऐकू का येईनात? खरं सांग. मागच्या साली एकानं असंच लपवलं, दुसऱ्याचा माल माझ्या गळ्यात मारला. तुझे माग मला दिसत न्हाईत, पण रोज ऐकतो मी."

शरणप्पानं फोन मागाच्या अगदी जवळ धरला. जितका जवळ नेला, तितक्या इमानदारीनं ते यंत्र आवाज गाळत गेलं. "काहीच न्हाई," अण्णाराव म्हणाले. मला हसू आवरेना, आणि शरणप्पाच्या कपाळावर घाम. अण्णारावांचा फोन बटणाचा, व्हिडिओचा प्रश्नच नव्हता. शेवटी त्यानं खिशातला जुना मोबाईल काढून लावला. आता खडखडाट पुरेपूर पोचला.

"आता कुणाच्या कारखान्यात जाऊन उभारलास?" अण्णाराव म्हणाले. "राहू दे. ऑर्डर थांबव. मी येतो."

फोन बंद. चंद्रिकानं ती गाळायची सोय कुठून बंद करायची ते शोधून काढलं, पण आता उपयोग काय? निम्मे माग थांबवायची वेळ आली होती.

सकाळी अण्णाराव आले. पांढरं धोतर, हातात पिशवी. माल तपासायला आलेत म्हणून मीही जाऊन उभा राहिलो. शेजाऱ्याची फजिती फुकट बघायला मिळत असेल तर कोण सोडतो? ते ऑफिस ओलांडून थेट शेडमध्ये गेले. सगळे माग चालू. ते नुसते बघत राहिले, मग ऑफिसात येऊन टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसले.

"चालू हायत की रे," ते म्हणाले. "मी तुला न्यायला आलतो."

"मला? कुटं?"

"कलबुर्गीला. कारखाना बुडाला असता तर तू काय मला सांगितलं असतंस? पोराला सांगून आलोय, गल्ल्याशेजारची गादी मोकळी कर, शरणप्पा उद्यापासनं हितंच बसणार. टॉवेलची पारख त्याच्याएवढी कुणाला हाय?"

शरणप्पानं गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढला आणि त्यात तोंड खुपसून बसला. आहेराचाच टॉवेल होता. चंद्रिकानं तो मोजणीतून वगळला.

मी हळूच माझ्या कारखान्यात आलो आणि खुर्चीत बसलो. माझीही गिऱ्हाइकं जुनीच आहेत. यातलं कोण मला न्यायला येईल म्हणून एकेकाचा चेहरा आठवून बघितला आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या आठवड्यात मीही तोच फोन घेतला. आवाज गाळायची सोय मुद्दाम चालू ठेवली आणि मागांच्या मधोमध उभा राहून बोलायला लागलो. महिना झाला. फोन येतात, भाव विचारतात आणि ठेवून देतात.