एका माणसाचा फ्रिज

वीज वाचवण्याचा कार्यक्रम आमच्या सास्तूरला भर दुपारी झाला. पाहुण्यांच्या छायाचित्रांचे फलक लावून खिडक्या झाकल्या होत्या, म्हणून सभागृहातल्या सगळ्या ट्यूब लावाव्या लागल्या. तीन भाषणं झाली. शेवटी प्रत्येकाच्या हाती एक तक्ता आला: घर तपासा, विनाकारण चालणारं बंद करा, उत्तम तक्त्याला प्रशस्तिपत्र. मी निवृत्त शिक्षक. तक्ता दिसला की भरल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पहिला रकाना होता घरातल्या माणसांचा. मी एक लिहिलं. बायको जाऊन चार वर्षं झाली, पण तो आकडा स्वतःच्या हातानं लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

भूकंपानंतर मिळालेलं दोन खोल्यांचं घर तपासायला कितीसा वेळ लागणार? ओसरीवरचा दिवा दिवसाही चालू होता. टीव्ही चालू होता. तो मी बघत नाही, तो नुसता बोलत असतो. मग फ्रिज. तक्त्यात लिहिल्याप्रमाणे त्याच्या दारात एक कागद अडकवून ओढला. अलगद हातात आला. म्हणजे दाराचं रबर गेलं होतं आणि गारवा रात्रंदिवस स्वयंपाकघरात सांडत होता. आत माझं म्हणावं असं अर्धा लिंबू आणि औषधाची बाटली. बाकी सगळं अव्वाचं.

अव्वा म्हणजे शेजारच्या लिंगायत घरातली म्हातारी. तिच्या घरी फ्रिज आहे, पण नातवानं त्यात अंडी ठेवायला सुरुवात केली. त्या दिवशी ती दह्याचं भांडं घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"सर, तुमचा फिरीज चांगल्या वळणाचा हाय. माझं दही हितंच ऱ्हाऊ द्या."

मी सोलापूरला गेलो की काय खातो हे फ्रिजला माहीत नव्हतं आणि अव्वालाही. मी हो म्हणालो. तेव्हापासून ती सकाळी दही न्यायला आणि संध्याकाळी नवं ठेवायला यायची. जाताजाता माझ्या चहाला नावं ठेवायची.

पण तक्ता हातात असताना मी शिक्षक होतो. तिला म्हणालो, "अव्वा, एका माणसाला फ्रिज कशाला? बंद करतोय."

"करा की," ती म्हणाली. "माझंच लई झालं होतं तुमच्यावर." भांडं पदरानं पुसून ती घेऊन गेली.

तक्ता उत्तम ठरला. समितीचे लोक आले, बंद फ्रिजशेजारी मला उभं करून त्यांनी फोटो काढला. प्रशस्तिपत्रावर 'आदर्श कुटुंब' असं छापलं होतं.

वास येऊ नये म्हणून फ्रिजचं दार उघडं ठेवलं होतं. स्वयंपाकघरात गेलं की कुणीतरी काहीतरी मागत तोंड उघडून उभं असल्यासारखं वाटायचं. आठवडाभर घरात कुणी आलं नाही. टीव्हीही तक्त्यासाठी बंद केलेला. पूर्वी निदान फ्रिजची घरघर तरी असायची. मी चहा करायचो, तो कसा झाला हे कळायचं नाही.

आठव्या दिवशी लोहाऱ्याहून माणूस बोलावून दाराचं रबर बदलून घेतलं आणि अव्वाच्या घरी गेलो. तिनं दह्याचं गाडगं ओलं फडकं गुंडाळून रांजणाच्या सावलीत ठेवलं होतं.

"अव्वा, फ्रिज परत लावलाय."

"का वो? आता तर फोटु काढला त्यानी."

"बंद ठेवला की बिघडतो म्हणतात. आत काहीतरी असावं लागतं." असं कुणीही म्हणत नाही. चाळीस वर्षं मुलांच्या थापा पकडल्या, त्यातली एकही इतकी कच्ची नव्हती.

तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. "व्हय का," म्हणाली. "मग न्हाय बिघडू द्यायचा."

संध्याकाळी ती आली. दही आत ठेवलं, नव्या रबराचं दार दोनदा लावून पाहिलं. चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"साखर इसरला." मग बाहेर बघत म्हणाली, "आन् त्यो ओसरीवरला दिवा सकाळधरनं जळतोय. त्ये शाबासकीचं पत्र कुणी दिलं वो तुमाला?"

मी उठून दिवा बंद केला. ती चहा संपवेपर्यंत अंधार पडला, म्हणून परत लावला.