वरून दिसलेली अंगणं

"बाय, पदर खोच आणि डोकां गुडघ्यात घाल," वसंता म्हणाला. तेवढ्यात समोरचा पंखा फिरायचा थांबला. इंजिनाचा आवाज गेल्यावर वारा ऐकू येऊ लागला, आणि विमानाच्या पत्र्यावर थेंबांचा मारा. तो पुढच्या सीटवर, मी मागे. त्याची मान तेवढी मला दिसत होती. ती हलली नाही.

वसंता माझा धाकटा भाऊ. सुर्ल्याला त्याचे खनिज वाहणारे ट्रक होते. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकले आणि याने दोन माणसांचं जुनं विमान घेतलं. परराज्यात जाऊन चालवायला शिकला, परवानाही आणला. या वयात कशाला, मी विचारलं. "रस्त्यार खड्डे आसत गो बाय. वर खंय खड्डे?" म्हणाला. रविवारी कोरगावला माझ्या घरावरून जायचा आणि पंख कलवायचा. मी कधी हात हलवला नाही. संध्याकाळी माझ्या सोप्यावर बसून, उंडा पाव चहात बुडवत विचारायचा, "बघलंस मगे?" मी सांगायचे, "गुरां बिथरली." तो हसायचा.

चल, चल म्हणून दोन वर्षं पाठी लागला होता. नाही म्हणून कंटाळले आणि या मे महिन्यात एकदाची गेले. सड्यावरच्या धावपट्टीवरून उडालो. सुर्ल्याच्या खाणींत हिरवं पाणी साचलेलं त्याने दाखवलं, बराच वेळ तिथेच घिरट्या घातल्या. लाटंबार्सेवर आलो तेव्हा घाटाकडे काळं झालं होतं, आणि विमान खड्ड्यात गेल्यासारखं खाली बसलं. वर खड्डे असतात.

मग कोरगाव. मे महिन्यात आमच्याकडे अंगणाअंगणात कोकमाची सोलं वाळत असतात. वरून ती काळपट लाल ठिगळांसारखी दिसत होती. बघता बघता एक ठिगळ नाहीसं झालं. मग शेजारचं, मग देवळामागचं... बायका धावत होत्या.

कानाला लावलेल्या यंत्रातून मी म्हटलं, "वसंता, खाली बायका सोलां काढतत. उतर."

"तुका सोलांच दिसतली. दर्यार बघ, एक ढग नाय."

"पाऊस घाटार आसा. तू दर्यार कित्याक बघतस?"

"एक फेरी मारतंय, मगे उतरुया."

ती फेरी अर्धीच झाली. घाटाकडून वारा आला आणि आम्हाला बाजूला फेकत गेला. सडा दिसेनासा झाला. इंजिन खोकलं... खाली घरं होती. तो काजूच्या बागेकडे वळला. पुढचं मला एवढंच आठवतं की फांद्या मोडत होत्या.

चूक त्याची होती. तेराव्याला जेवायला आलेल्या लोकांसमोर मी हे बोलले, तेव्हा काहींना राग आला. त्याची बायको तेवढी म्हणाली, "खरां आसा."

त्या दिवशी शेजारच्या शालनने स्वतःची सोलं काढली आणि मग माझ्या अंगणातलीही काढून ठेवली. एक थेंब लागू दिला नाही. ती बरणीत आहेत. माशांच्या हुमणात घालते, चांगली आंबट आहेत. सोप्यावर आता कोणी बसत नाही, पाववाला पदेर मात्र अजूनही दोन उंडे जास्त ठेवून जातो.

विमानात आम्ही दोघं होतो. मी जगले.