दाजी गवसाची गाडी लिनक्सवर

झारापच्या दाजी गवसाने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आपला कॉम्प्युटर विंडोजवरून लिनक्सवर नेला, तोही गेम खेळण्यासाठी, असं मी सांगितलं की लोक हसतात. आधी मीही हसलो होतो. ह्या वयात माणसाने काजूची बाग बघावी, आरतीला उभं राहावं. रोज संध्याकाळी पडद्यावर आगगाडी कसली चालवायची! माझी चौतीस वर्षं शाळेत पोरांना गेमपासून हाकलण्यात गेली, त्यामुळे माझं डोकं जरा लवकरच तापतं.

पण एकदा ती गाडी पाहिली आणि माझं हसू थांबलं. तो खेळ बनवणाऱ्यांना कुडाळ माहीत असायचं कारणच नाही. कुडाळ ते सावंतवाडी हा सगळा मार्ग दाजीने स्वतः त्यात बांधला होता, सहा वर्षं खपून. कुठे मोरी, कुठे चिऱ्याची खाण, कुठल्या वळणावर भोंगा वाजतो, सगळं वहीत टिपून आणायचं आणि पडद्यावर उभं करायचं. एका वळणावर माझं घर आलं, पडवीतल्या मोडक्या बाकासकट.

गेल्या वर्षी त्याच्या विंडोजचे अपडेट बंद झाले. नवं विंडोज त्या मशीनवर बसेना. आणि मशीन इतकं दमलेलं की गाडीने कुडाळ सोडलं की ती थिजायची.

"मशीन बरा आसा, मास्तरानू," दाजी म्हणाला. "फक्त आतला सरकार बदलूक व्हया."

लिनक्स हे सरकार फुकट आणि जुन्या मशीनलाही झेपणारं, पण विंडोजसाठी लिहिलेला खेळ त्याला कळत नाही. मध्ये दुभाष्यासारखा एक प्रोग्राम लागतो, आणि तो सगळ्याच खेळांना पावतो असं नाही. दाजीचा मार्ग तर हाताने बांधलेला, जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. त्याची प्रत पेनड्राइव्हवर होती, पण नव्या जागी ती उघडली नसती तर सहा वर्षं पाण्यात. महिनाभर व्हिडिओ बघून त्याने एकेक पायरी मराठीत वहीत उतरवली, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी सकाळी मला साक्षीला बोलावलं.

त्याची बायको मथुरा शेजारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. रोज गाडी सुटताना ती अशीच बसते. दाजीची ती एकुलती एक प्रवासी.

दाजीने विंडोज पुसलं. लिनक्स चढलं. दुभाषा बसवला, मार्गाची प्रत आत टाकली आणि खेळ सुरू केला. पडदा काळा झाला तो काळाच राहिला.

"धावतली मा?" दाजीने विचारलं. मला काय ठाऊक! मी होय म्हटलं.

आणि कुडाळचा फलाट उजाडला. गाडी हलली ती लोण्यासारखी. मी टाळीच वाजवली.

उजेड कमीजास्त करायला दाजीने सेटिंग उघडली, तर तिथे एक इंग्रजी ओळ होती. मी वाचून सांगितलं, "रंग नीट ओळखू येत नाहीत अशा लोकांसाठी आहे."

दाजीचा हात थांबला. मग त्याने सांगितलं. एकविसाव्या वर्षी तो रेल्वेत चालक व्हायला मुंबईला गेला होता. लेखी पास झाला. पुढे डॉक्टरने ठिपक्यांची चित्रं दाखवली. बाकीच्यांनी त्यातले आकडे वाचले, ह्याला नुसते ठिपके दिसले. तांबडा आणि हिरवा त्याला एकच. तिथून परत पाठवलं. चाळीस वर्षं तो माझा शेजारी, आणि मला पत्ता नव्हता.

त्याने ती ओळ दाबली. तसं केल्याने डोळे काही बरे होत नाहीत, फक्त पडद्यावर ते दोन रंग एकमेकांपासून दूर होतात. दाजी सिग्नलकडे बघत राहिला.

"मास्तरानू, हे दोन वेगळे आसत!"

इतकी वर्षं तो वरचा दिवा की खालचा, एवढ्यावर गाडी चालवत आला होता. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली.

गाडी झारापजवळ आली आणि दाजीने ती मध्येच थांबवली. त्याच्याच काजूच्या बागेपाशी.

"ही झाडा अशी कित्या? रुळार गवत आसा, तसो ह्येंचो रंग नाय."

ती झाडं तांबडी होती. मी पहिल्या दिवशीच पाहिली होती आणि खेळच तसला असेल म्हणून सोडून दिली होती. सहा वर्षांत दाजीने स्वतःच्या हाताने रंगवलेलं एकूण एक झाड तांबडं होतं. तो हळूहळू मथुरेकडे वळला.

"तुका म्हायत होता गो?"

"होय."

"मगे सांगलंस नाय कित्या?"

मथुरेने सूप खाली ठेवलं. "रंगापायी तुमका एकदा परत धाडल्यानी. मी आणखी कित्या धाडू?"

दाजीने आपली खुर्ची बाजूला ओढली आणि दुसरी तिच्यासाठी पुढे सरकवली.

"हंय बस," तो म्हणाला. "काजीचो हिरवो खंयचो, ता तू दाखय."

मथुरेने पदराला हात पुसले आणि माऊस हातात घेतला.