पडवीचं निळं छत

कुणीही दारात आलं की वहिनी आधी त्याच्या खांद्यावरून मागे बघायची. मागे कुणी नाही अशी खात्री पटली की म्हणायची, “ये गो, पण एकटीच ये.”

पहिल्यांदा विरजण मागायला गेले तेव्हा मीही मागे वळून पाहिलं. भर दुपारी चारकोपच्या आमच्या चौकात एक कुत्रं तेवढं झोपलं होतं. “माझ्याबरोबर कोण येणार?” मी विचारलं. “ताच बघतंय,” ती म्हणाली. ती हसेल म्हणून मी थांबले. ती हसली नाही.

तुम्हाला वाटेल, मालवणकडची कुणी जुनी बाई असेल. वहिनी अमेरिकेतली. तिकडच्या दक्षिणेतल्या, समुद्रकाठच्या एका काळ्या कुटुंबातली. आमच्या शेजारचा मालवणी मुलगा बोटीवर नोकरीला होता, त्याचं तिच्याशी तिथल्या बंदरात जमलं आणि लग्न करून तो तिला इथे घेऊन आला. तिला मराठी शिकवली सासूने. त्यामुळे ती थेट मालवणीच बोलायची आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. मग आम्हीही तिला ‘तू’च म्हणू लागलो. मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये ती मुलांना अमेरिकन इंग्रजी शिकवायची आणि घरी येऊन मासेवालीशी बांगड्यांवरून मालवणीत भांडायची.

आपल्याकडे दुसऱ्याच्या रंगावर बोलताना कुणाची जीभ अडखळत नाही. तिच्याबद्दल लोक बोलायचे, ती कानाआड करायची. पण शाळेत तिच्या मुलाला, दीपूला, पोरं चिडवू लागली तेव्हा तिने कामाची वेळ बदलून घेतली आणि रोज शाळा सुटताना फाटकाशी उभी राहू लागली. बोलायची काही नाही, नुसती बघायची. पोरं गप्प झाली. शाळेतल्या बाईसुद्धा जपून बोलू लागल्या.

नवरा बोटीवरच वारला तेव्हा दीपू पहिलीत होता. वर्षश्राद्ध झालं आणि लगेच दीपूला ताप भरला. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, ताप हटेना. तिन्हीसांजा झाल्या की तो अंथरुणातून उठायचा, दारापुढच्या पडवीकडे जायचा आणि म्हणायचा, “बाबा बोलावतायत. जाऊ?”

एकदा मी तिथेच होते. पडवीत कुणी नव्हतं. पण मान वर करून तो जिथे बघत होता, ती उंची बरोब्बर त्याच्या बापाची होती. मी बँकेत नोकरी केलेली बाई. भुतांवर माझा विश्वास नाही, भीती मात्र आहे. मी काहीतरी निमित्त सांगून घरी निघून आले.

दुसऱ्या दिवशी बघते तर वहिनी शिडीवर. पडवीचं छत फिकट निळं रंगवत होती. तिच्या आजीच्या गावात म्हणे घराघरांत असंच छत असायचं. “मेलेल्यांका पाणी ओलांडूक येणा नाय,” ती म्हणाली. “ह्या बघून तेंका पाणी वाटता.”

“अगं, पण तो दीपूचा बाप ना?”

“म्हणानच भियातंय. तेचो लय जीव आसा पोरावर.”

ती रडत होती आणि रंगाचा हात थांबत नव्हता.

दीपूचा ताप उतरला. औषधांनीच उतरला असेल. त्या दिवसापासून संध्याकाळी वहिनी पडवीच्या बाहेर, उघड्या पायरीवर जाऊन बसू लागली. तिच्या भाषेत हळू आवाजात बोलत असायची. चौकातलं ते कुत्रं पायरीवर असलं की उठून बाजूला व्हायचं, आणि एका माणसाला लागते त्याहून जास्त जागा करून द्यायचं. पावसात ती छत्री घेऊन बसायची. छत्री नेहमी एका बाजूला धरलेली आणि हिचा खांदा भिजलेला. माहेरची माणसं परत ये म्हणून फोन करायची. दीपू आणि सासू ही तिने सांगितलेली कारणं. पायरीचं ती त्यांना काय सांगणार?

गेल्या वर्षी वहिनी गेली. थोड्या दिवसांचं दुखणं झालं. तोवर दीपूला मुलगी झाली होती, नुकती पावलं टाकायला लागलेली. सासू अजून होती, कमरेत पार वाकलेली. वहिनीने जिथे प्राण सोडला तिथे सासूने रिवाजाप्रमाणे दिवा लावला, जमिनीवर तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. गेलेलं माणूस घरात येऊन गेलं, की पिठावर खूण उमटते. सकाळी आम्ही टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं.

“ती इलीच नाय,” म्हातारी म्हणाली.

दीपू पडवीच्या छताकडे बघत होता. “येणार कशी?” तो म्हणाला. “तिनेच रस्ता बंद केलाय ना.”

आमच्यापैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. दीपूने शिडी लावली आणि पत्र्याच्या तुकड्याने रंग खरवडायला लागला.

“नको रे,” म्हातारी शिडीला धरून म्हणाली. “तिना तुका राखूक केल्यान ता.”

“आजी, माझी आई बाहेर ताटकळतेय. मी आत बसून जेवू कसा?”

संध्याकाळपर्यंत निळा रंग औषधालाही उरला नाही. म्हातारीने पुन्हा पीठ पसरलं. सकाळी टोपली उचलली तर पिठावर पावलं होती. वहिनीची पावलं मी ओळखते, पसरट आणि लहान. त्यांच्या शेजारी आणखी दोन होती, मोठी, पुरुषाची. दीपू जमिनीवर बसून हुंदके देत होता आणि हसतही होता. मोठ्या पावलांबद्दल कुणी काही बोललं नाही.

त्या दिवशी घर खरंच भरल्यासारखं वाटत होतं. मी दुपारभर तिथेच होते. उन्हं कलली तशी दीपूची मुलगी खेळता खेळता पडवीत गेली, उभी राहिली आणि वर बघून खुदकन हसली. मग तिने दोन्ही हात उंच केले, कडेवर घे म्हणून मुलं करतात तसे. आणि तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

दीपूने धावत जाऊन तिला ओढून घेतलं. पोरीचं अंग तापलं होतं.

त्याने तिला बायकोकडे दिलं आणि चपला न घालता रंगाच्या दुकानात पळाला. उजेड होता तोवर छत रंगवून काढायचं होतं. मी शिडी धरली, म्हातारीने डबा धरला. तो बाहेर पायरीकडे एकदाही बघत नव्हता. “आई, रागावू नको गं,” एवढंच पुटपुटत होता. “मी पण बाप झालोय.”

पायरीच्या बाजूचा, ओंजळीएवढा कोपरा राहिला तेव्हा त्याचा हात थांबला.

आतून पोरगी रडली. त्याने तो कोपरा भरला.