तीन भोकांची मडकी

बाई पुण्याच्या; पण कुठल्या म्हणून विचारलं, तर "मी मातीची," असं सांगायच्या. सिरॅमिक आर्टिस्ट आणि चित्रकार. मातीच्या असून त्यांना माती मळता येत नव्हती, ती गोष्ट वेगळी. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात त्यांना काहीतरी प्रतीकात्मक उभारायचं होतं आणि त्यासाठी एकवीस मडकी हवी होती. मी शाळेत चित्रकला शिकवतो, वडील शहागडला कुंभारकाम करतात. मी लगेच पुढे झालो. पत्रिकेवर आपलं नाव येईल, एवढीच माझी कलादृष्टी.

वडिलांनी महिनाभर खपून मडकी केली. टेम्पोत चढवताना एकेकाला टिचकी मारून आवाज ऐकला. "एक बी गळणार न्हाई, सांग बाईला," म्हणाले.

बाईंनी मडक्यांवर निळे डोळे रंगवले, साप रंगवले आणि मग माझ्या हातात ड्रिल मशीन दिलं. प्रत्येकाला तीन भोकं. बीज, अंकुर, मुक्ती. वरून पाणी सोडायचं, ते भोकांतून गळत राहणार. आमच्याकडे सरणाभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात, तीन फेऱ्यांना तीन. हे मी बाईंना सांगितलं. "वा, काय सुंदर लेअर मिळाला," त्या म्हणाल्या. मी मुकाट्याने त्रेसष्ट भोकं पाडली.

उद्घाटनाला सगळे जालन्याचेच होते. प्रत्येकाने कुणाला ना कुणाला खांदा दिलेला. मडकी पाहून एकेकाचा चेहरा उतरला, पण बोलायची हिंमत एकाचीही नाही. पुण्याहून आलेल्या कलेला नाही कोण म्हणणार? मालक तर "डीप आहे" म्हणाले. टाळ्या वाजल्या. असले शेळपट लोक मी पाहिले नाहीत, आणि त्यांच्या पहिल्या रांगेत मीच उभा होतो.

वडील धुतलेली टोपी घालून मुद्दाम आले होते. त्यांनी दारातूनच बघितलं आणि परतीची बस धरली. मी मागोमाग गावी पोचलो, तर ते घरात शिरले नव्हते. आईकडून बाहेरच पाणी मागवून, अंगणात डोक्यावरून आंघोळ करत होते.

"आबा, ते प्रतीक हाये," मी म्हणालो.

"आसंल," ते अंग पुसत म्हणाले. "माझ्या येळेला मडकं कुठं शोधू नको. तिथलंच एक उचलून आण. भोकं तू पाडूनच ठिवलीत."