बानाचोल्वेचं पांढरं भांडं

आमच्या गल्लीत आवई होती की सिमुतोवेने सासूला मागच्या खोलीत कोंडून ठेवलंय. नळावरच्या बायका तर रात्री तिचं रडणंही ऐकून आल्या होत्या.

खरं म्हणजे कडी आतून होती. सिमुतोवे फाटकाशी आला की घसा खाकरायचा, आणि त्याची सासू बानाचोल्वे, म्हणजे चोल्वेची आई, हातातलं टाकून खोलीत शिरायची. त्यांच्या रिवाजात सासूने जावयाच्या नजरेला पडायचं नाही, आणि तो बसतो त्या संडासात तर पाऊलही घालायचं नाही. घरात संडास एकच. मुलगी चोल्वे बेकरीत कामाला, नात अजून रांगती. म्हातारीला गावी, ग्वेम्बेला परतायची सोय नव्हती. म्हणून ती कुंपणाच्या भगदाडातून आमच्या संडासाला यायची. सारखं कुणाच्या दारात जायचं, म्हणून दुपारनंतर पाणीच प्यायची नाही.

एकदा मी हुबेहूब सिमुतोवेसारखी खाकरले. म्हातारी ओल्या हातांनी खोलीत पळाली. मग खिडकीतून शांतपणे म्हणाली, "तो खाकरल्यावर नाक ओढतो गं. पुढच्या वेळी नीट कर."

त्यांच्या अंगणाच्या कोपऱ्यात जुन्या मालकाचा एक संडास होता. बादलीभर पाणी ओतलं की वाहायचा झकास, पण भांडं आतून काळं-तपकिरी. बोअरच्या पाण्यातला चुना थरावर थर बसून दगड झालेला. बायकोची आई असल्या घाणीत बसते हे लोकांनी बघायला नको, असा जावयाचा निरोप चोल्वेने आणला. महिनाअखेर पांढरं झालं तर ठीक, नाहीतर ते उपटून तिथे कोंबड्या.

चोल्वेने ब्लीच ओतलं. डोळे झोंबले, डाग जागच्या जागी. मग म्हातारीने नातीच्या पेजेसाठी गावाहून आणलेली गोरखचिंच काढली. मगाने भांड्यातलं पाणी उपसून ते कोरडं केलं, आंबट गर कालवून त्यात चिंध्या भिजवल्या आणि आतून लिंपल्यासारख्या चिकटवून ठेवल्या. सकाळी चिंध्या काढून पाय घासायच्या ओल्या वजरीने हलक्या हाताने घासायची. बोटभर खपली निघाली की पुन्हा चिंध्या. मध्येच खाकरणं ऐकू आलं की आतून कडी. एकदा सिमुतोवे मित्रांना घेऊन अंगणातच बसला, तेव्हा दिवेलागण होऊन गेली तरी ती अंधारात भांड्याशी गुडघे आवळून बसून होती.

भांडं पांढरं झालं. सिमुतोवे इतका खूश झाला की भांड्यावरची नवी बैठक विकत घेऊन आला आणि स्वतःच बसवली. म्हातारी पडद्याच्या फटीतून बघत होती. त्याने बोल्ट आवळले, आणि डगमगते का बघायला विजारीसकट वर बसला. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. खाकरला, नाक ओढलं, निघून गेला.

चोल्वेने कपाळाला हात लावला. विजार घालून बसलेलं मोजायचं नसतं, असं ती आईला परोपरीने सांगत राहिली. मीही पैज लावली, "आजी, एवढं घासलंस, उद्या अंधार पडायच्या आत तिथेच जाशील तू. नाही गेलीस तर आमचं भांडं मी घासेन."

"तुमचं तर आमच्यापेक्षा काळं आहे," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळपासूनच पाणी घेतलं नाही. ऊन उतरल्यावर कोपऱ्यातल्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं, पांढऱ्या भांड्याकडे बराच वेळ पाहिलं, दार पुन्हा लावलं. मग खाली वाकून भगदाडातून आमच्या अंगणात आली. हातात वजरी होती.

"चिंध्या तुझ्या तू आण," ती मला म्हणाली. "पण आधी बाजूला हो. मला जाऊ दे."