चष्मेवाल्याचा फुकट बार

चष्मेवाल्याच्या धंद्यात दिवसभर एकच प्रश्न विचारावा लागतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी चौकट चढवायची, तिच्यात एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आता बरं, की आधीचं बरं?" दुकानात हा प्रश्न फारच उपयोगी. आमचा चष्मेवाला मात्र तो घरीही घेऊन यायचा, आणि घरी दुसरं भिंग कायम एकच असे : त्याचा साडू.

साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, नळांचं दुकान चालवी. गॅलरीचं घर आधी त्याने घेतलं, गाडीही आधी त्यानेच. टक्कल मात्र चष्मेवाल्याला आधी पडलं. नळवाल्याने यातलं काहीही मुद्दाम केलं नव्हतं, आणि चष्मेवाल्याला नेमकं तेच सहन होत नसे. मुद्दाम केलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग नळवाल्याच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, 'जेवण आमच्याकडून, बारवर ज्याचं त्याने.' चष्मेवाल्याने ती ओळ तीनदा वाचली. इतका निर्मळ आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"बघितलंस तुझ्या बहिणीच्या नवऱ्याचं? लग्नाला बोलावतो आणि दारूचे पैसे मागतो!"

"तो तुमचाही कोणीतरी लागतो," बायको म्हणाली.

"तेच तर दुखणं आहे."

चारच महिन्यांनी त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न होतं. त्याने जाहीर केलं की बार फुकट, सगळ्यांना, हवं ते, हवं तितकं. एवढ्या खर्चात वादक बसेनात, म्हणून वादक कापले.

"बाबा, वादक मला हवे होते," मुलगी म्हणाली.

"लोक काय म्हणतील याचा विचार कर जरा."

"लोक म्हणजे नळवाले काकाच ना?"

यावर त्याने चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

लग्न दुपारचं होतं. बारवर बाटल्यांची रांग मांडली होती आणि चष्मेवाला तिच्याशेजारी नवरदेवापेक्षा ताठ उभा होता. लोक येत, ग्लास उचलत, दोन घोट घेत आणि अर्धा ग्लास खिडकीत ठेवून जेवायला पळत. थांबत कोणीच नव्हतं. नळवाल्याकडे याच लोकांनी काउंटरला वेढा घातला होता. 'मी देतो', 'गप रे, मी देतो' म्हणत एकमेकांचे हात धरले होते. चष्मेवाल्याला हे आठवलं.

ट्रक चालवणारा मेहुणा समोरून गेला. चष्मेवाल्याने त्याची बाही पकडली.

"खरं सांग. इथलं बरं, की तिथलं बरं?"

"भावोजी, खरंच सांगू?"

"सांग ना."

"तिथलं."

"अरे, तिथे तर तुझा खिसा रिकामा झाला!"

"झाला ना. पण तिथे मी आमच्या मामांना एक पाजली. एका शिडीवरून नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मग त्यांनी मला दोन पाजल्या. इथे कोणाला काय पाजणार? इथे सगळ्यांना तुम्हीच पाजताय."

मेहुणा जेवायला गेला. चष्मेवाल्याच्या मनात आलं, की हे नळवाल्याला आधीच सुचलं असणार. मग दुसरं मनात आलं, ते जास्त वाईट होतं : त्याला काहीच सुचलं नसणार, त्याचं आपोआपच चांगलं होतं.

तेवढ्यात काउंटरवर वाद ऐकू आला. नळवाला पैसे पुढे करत होता आणि बारवाला हात मागे घेत होता.

"साडूभाऊ, याला सांगा ना जरा," नळवाला म्हणाला. "सकाळपासून धावताय तुम्ही. म्हटलं, तुम्हाला आपल्याकडून एक पाजावी."

म्हणजे इथेही! मंडप आपला, मुलगी आपली, बाटल्या आपल्या, आणि पाजणार तो.

"थांबा," चष्मेवाला म्हणाला. त्याने घाईघाईने स्वतःचं पाकीट काढलं आणि बारवाल्यासमोर नोट आपटली. "साडूंना एक दे. माझ्याकडून."

"साहेब, हे तुमचंच आहे," बारवाला गोंधळला.

"पैसे घे म्हणतो ना!"

बारवाल्याने घेतले. ज्या बाटलीचे पैसे चष्मेवाल्याने आठवड्यापूर्वीच भरले होते, तिच्यातल्या एका ग्लासाचे त्याने पुन्हा भरले. नळवाल्याच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद पसरला. मग त्यानेही नोट काढली. ते पाहून मामा उठले, मेहुणा हात पुसत परत आला आणि काउंटरपाशी 'मी देतो, मी देतो' सुरू झालं. दुपारभरात पहिल्यांदाच त्या लग्नाला आवाज आला.

"अगं, इकडे ये," नळवाल्याने गर्दीतून बायकोला हाक मारली. "बघ, साडूभाऊंनी शेवटी आपलीच पद्धत घेतली!"

हे सगळ्यांनी ऐकलं. चष्मेवाल्याच्या हातात तोवर साडूने पाजलेला ग्लास होता. तो ठेवून देता येत नव्हता, कारण मामा बघत होते. त्याने तो एका दमात संपवला आणि दारूत पाणी घातलंय म्हणून बारवाल्याला झापलं.